एका गाण्याचे किती?

प्रश्न : मी पलूस तालुक्यात राहतो, हार्मोनियम वाजवतो आणि घरच्या एका खोलीत ध्वनिमुद्रणाची कामे घेतो. भजनी मंडळांचे अभंग, शाळांची स्वागतगीते आणि निवडणूक आली की प्रचारगीते, असे काम मिळते. बहुतेक गाण्यांत पेटी माझीच असते. तरी लोक ‘एका गाण्याचे किती?’ एवढेच विचारतात आणि गाणे हाती पडल्यावरही ‘जरा आवाज वाढवून द्या’ म्हणत महिनाभर फेऱ्या मारतात. दर कसा लावावा? झालेल्या मुद्रणावर हक्क कोणाचा राहतो?

उत्तर : ‘एका गाण्याचे किती?’ याला एकच आकडा सांगितला की त्यात आपले वादन फुकट जाते, कारण समोरच्याच्या लेखी आपण फक्त ‘रेकॉर्डिंगवाले’ असता. म्हणून बिदागी आणि मुद्रणाचा खर्च या दोन रकमा कागदावर वेगळ्या लिहाव्यात, आणि मुद्रणाच्या रकमेतही प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण तासावर व मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवण्याचे काम, गाण्यावर धरावे. एखाद्या मंडळाने दुसरा पेटीवादक आणला तर केवळ बिदागी वजा होईल. आपल्या खोलीचा आणि कानांचा मोबदला तसाच राहील.

फेऱ्यांचे म्हणाल, तर ‘आवाज वाढवा’ ही तक्रार बहुधा एकूण आवाजाची नसतेच. बुवांचा आवाज वर घेतला की टाळ दबतात, टाळ वर घेतले की पखवाजवाले नाराज होतात, आणि प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर ऐकून स्वतःचाच आवाज शोधत असतो. मंडळाने एकाच माणसाला निर्णयाचा अधिकार द्यावा, त्याने आपल्यासमोर बसून ऐकावे आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांपुढे वेगळे पैसे पडतील, हे काम घेतानाच लिहून घ्यावे. निम्मी रक्कम आगाऊ घेण्यात संकोच नको. प्रचारगीतांच्या बाबतीत तर पूर्ण रक्कम आधी घ्यावी. निकालानंतर वसुलीला जाणे कोणाच्याही पदरात काही टाकत नाही.

हक्काचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुद्रणासाठी ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो निर्माता मानला जातो आणि वेगळा करार नसेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडे जातो. मुद्रणाचे बटण आपण दाबले एवढ्याने तो आपल्याला मिळत नाही. वादक म्हणून मात्र आपल्याला सादरकर्त्याचे स्वतंत्र हक्क आहेत आणि ते ५० वर्षे टिकतात. प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅक द्यायचे की केवळ अंतिम मिक्स, हेही आधीच ठरवावे, कारण सुटे ट्रॅक नीट नावे घालून देणे हे वेगळे काम आहे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तुकोबांच्या शब्दांना कोणाची परवानगी लागत नाही, पण अलीकडच्या संगीतकाराने त्यांना लावलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित असते. चित्रपटगीताच्या चालीवर उमेदवाराचे नाव बसवलेली प्रचारगीतेही यातच येतात. चालीच्या परवानगीची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे, असे एक वाक्य त्याच्या सहीनिशी जपून ठेवावे. त्याने आपली जबाबदारी पूर्ण संपत नाही, पण निदान कोणी काय सांगितले होते याचा पुरावा राहतो.

प्रश्न : माझा तानपुरा मिरजेचा आहे आणि जवारी, म्हणजे तारांचा झंकार, उत्तम लागलेली आहे. तरी साताऱ्यात घरी मुद्रण केले की खाली एक गुणगुणाट राहतो आणि पंचम हलल्यासारखा वाटतो. सॉफ्टवेअरने तो काढावा का?

उत्तर : काढू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने वायरिंगमधून येणारा गुणगुणाट ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येतो. काळी एकला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लावलेल्या तानपुऱ्याचा पंचम सुमारे १०४ हर्ट्झ असतो. इतक्या जवळचे दोन स्वर एकत्र आले की सेकंदाला सुमारे चार हेलकावे पडतात आणि तेच आपल्याला पंचम हलल्यासारखे वाटतात. सॉफ्टवेअरने १०० हर्ट्झ कापायला गेलात तर पंचमाचे अंगच पोकळ होईल. त्यापेक्षा लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. गुणगुणाट गेला तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे आणि तिथे इलेक्ट्रिशियनच हवा. गेला नाही तर माइकची केबल विजेच्या वायरला समांतर जात नाही ना, हे पाहावे. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. माइक भोपळ्याच्या अगदी समोर धरू नये, तिथे नुसती घुमार येते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून हातभर अंतरावर, किंचित वरून धरल्यास जवारी स्पष्ट मिळते.