मेल चुकून गेला तर? पत्ता सगळ्यात शेवटी टाका

चुकून ग्राहकाला गेलेल्या मेलचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंत. आधी रिकॉलचं, म्हणजे पाठवलेला मेल परत मागवायच्या सोयीचं सांगतो, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर दिसतेय. रात्री साडेअकराला सहकाऱ्यासाठी लिहिलेलं गाऱ्हाणं रिप्लाय ऑलमुळे ग्राहकालाही गेलं आणि तुम्ही आउटलुकमध्ये रिकॉल दाबलंत. ते आपल्याच कंपनीच्या मेलबॉक्सपुरतं चालतं. बाहेरच्या माणसाला गेलेला मेल त्याने परत येत नाही. उलट "हा मेल परत घ्यायचा आहे" अशी सूचना त्याला जाऊ शकते, मग न वाचलेला मेलही तो शोधून वाचणार.

स्वानुभव आहे. मी खरेदी विभागात काम करतो. काही वर्षांपूर्वी तीन पुरवठादारांच्या दरांचा तुलनात्मक तक्ता अकाउंट्समधल्या सचिनला पाठवायचा होता. "सचि" टाइप केलं, वर आलेल्या पहिल्या नावावर एंटर मारलं. तो सचिन म्हणजे त्या तिघांतलाच एक पुरवठादार! घाईघाईने रिकॉल टाकलं. पाच मिनिटांत त्याचा फोन, "साहेब, काहीतरी परत मागताय म्हणे, काय होतं त्यात?" तोवर त्याने मेल उघडलाही नव्हता.

तेव्हापासून नवीन मेल लिहिताना टू आणि सीसी रिकामे ठेवतो. मजकूर, मग अटॅचमेंट (ती एकदा उघडून बघायची, एक्सेलमध्ये लपवलेली शीटसुद्धा सोबत जाते), आणि पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ताच नसेल तर सेंड दाबलं तरी मेल जागचा हलत नाही. रिप्लायमध्ये पत्ते आपोआप भरलेले असतात, म्हणून डोकं तापलेलं असेल तेव्हा मी ते आधी खोडतो आणि मगच लिहायला बसतो. बाकी सेटिंग्ज वगैरे याच्यानंतर.

तरी त्या करून ठेवा. जीमेलमधलं अनडू सेंड म्हणजे गेलेला मेल परत आणणं नव्हे. तो मेल तेवढे सेकंद धरून ठेवतं, एवढंच. सुरुवातीला मुदत ५ सेकंदांची असते, तेवढ्यात चूक कळेपर्यंत वेळ संपलेली असते. कॉम्प्युटरवर सेटिंग्जच्या जनरल टॅबमध्ये ती ३० करा आणि पान खालपर्यंत नेऊन सेव्ह चेंजेस दाबा. निम्मे लोक इथेच चुकतात आणि मग म्हणतात, चालत नाही.

डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये याहून भारी सोय आहे. रूल्समध्ये जाऊन पाठवल्या जाणाऱ्या मेलसाठी नियम करा, अट काहीच घालू नका, आणि डिलिव्हरी काही मिनिटं लांबवा. १२० मिनिटांपर्यंत लांबवता येते. मी ३ ठेवली आहेत. तेवढा वेळ मेल आउटबॉक्समध्ये बसून राहतो, उघडून दुरुस्त करता येतो. फक्त आउटलुक बंद करून घरी जाऊ नका, मेल तिथेच अडकेल.

रात्रीच्या रागाच्या मेलला मात्र शेड्यूल सेंड बरं. सकाळी साडेनऊची वेळ लावायची. माझे निम्मेअधिक असे मेल सकाळी चहाच्या आधीच रद्द होतात.

आता तुमच्या ग्राहकाचं. दुसरा मेल, तिसरा मेल असं करत बसू नका. उद्या कामावर पोचल्या पोचल्या फोन करा आणि मेल चुकून आला, भाषा चुकली, एवढं सांगून मोकळे व्हा. साहेबांना त्याआधी सांगा, बाहेरून कळायला नको. मी तेच केलं. सचिनने तक्ता वाचला की नाही कोण जाणे, पण साहेबांनी तिघांकडूनही नव्याने कोटेशन मागवायला लावली आणि खरेदी दहा दिवस लांबली.