रजिस्ट्री साफ करावी की स्टार्टअप आवरावे?

प्रश्न : एक प्रोग्राम अनइन्स्टॉल केला. तेव्हापासून विंडोज सुरू होताच 'रनडीएलएल' असे शीर्षक असलेली चौकट येते आणि अमुक मॉड्यूल सापडत नाही असे सांगते. संगणक सुरू व्हायलाही वेळ लागतो. रजिस्ट्री क्लीनरने शेकडो चुका दाखवल्या आहेत. त्या सगळ्या काढून टाकू का?

उत्तर : मुळीच नको. संदेश आणि संथपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि क्लीनर हे दोन्हींवरचे औषध नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही. विंडोज तिच्यातून हवी तेवढीच नोंद वाचते; शेकडो निरुपयोगी नोंदी पडून राहिल्या तरी वेग घटत नाही. उलट एखादी कामाची नोंद गेली, तर भलताच प्रोग्राम बंद पडतो.

आधी संथपणा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप'मध्ये जा. (विंडोज ७ मध्ये हीच यादी 'एमएसकॉन्फिग'मध्ये मिळते.) 'स्टार्टअप इम्पॅक्ट'खाली 'हाय' लिहिलेले प्रोग्राम आधी बघा. गप्पांची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, अपडेटर बिनधास्त 'डिसेबल' करा. लागतील तेव्हा ते हाताने उघडता येतात. अँटिव्हायरस आणि टचपॅडच्या नोंदींना हात लावू नका. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर फरक जास्त जाणवेल, कारण सगळे प्रोग्राम एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतात.

आता तो संदेश. प्रोग्रामची फाइल (संदेशातले 'मॉड्यूल') गेली, पण तिला हाक मारणारी नोंद मागे राहिली. चौकटीतले फाइलचे नाव लिहून घ्या. विंडोजचे बटण आणि आर दाबून 'रेजएडिट' हा रजिस्ट्री उघडणारा प्रोग्राम चालवा. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, रन असे उतरत जा. डावीकडे 'रन'वर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा. हे टाळू नका, कारण इथे रिसायकल बिन नाही. मग उजवीकडे 'डेटा' रकान्यात ते नाव असलेली ओळ शोधा आणि तेवढीच डिलीट करा. घाईत डावीकडची 'रन' कीच (म्हणजे अख्खे फोल्डरच) उडवली, तर त्यातल्या सगळ्याच नोंदी जातात. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर डबल क्लिक करून त्या परत आणता येतात. 'रनडीएलएल३२' ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, ती पुसायची नाही.

इथे सापडले नाही, तर एचकी लोकल मशीनखालची तशीच 'रन' बघा. तिथेही नसेल, तर बहुधा ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये असेल. शोधाशोध नको असेल तर आपोआप सुरू होणाऱ्या नोंदी एकत्र दाखवणारे मायक्रोसॉफ्टचे मोफत 'ऑटोरन्स' घ्या. ज्यांची फाइल सापडत नाही अशा नोंदी त्यात पिवळ्या दिसतात. आधी फक्त टिक काढा, संगणक पुन्हा सुरू करा आणि संदेश थांबला की मग डिलीट करा.

प्रश्न : वापरातल्या एका प्रोग्रामची 'रन'मधली नोंद काढली तरी पुन्हा येते. का?

उत्तर : प्रोग्राम उघडला की तो ती पुन्हा लिहितो. आधी त्याच्याच सेटिंग्जमधला 'विंडोजबरोबर सुरू करा' हा पर्याय बंद करा. तरीही येत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये 'डिसेबल' करा. त्याने नोंद तशीच राहते, पण ती बंद असल्याची खूण रजिस्ट्रीत वेगळ्या जागी होते आणि प्रोग्राम सहसा तिला हात लावत नाही.