काजवे बघायला जाणं ही पर्यावरणपूरक डेट ठरेल का?

ठरेल, पण शनिवारी रात्री स्वतःची गाडी काढून जाणार असाल तर नाही.

तुम्ही लिहिलंय की दोघंही ठाण्याचे, कॅफे-मॉलचा दोघांनाही कंटाळा आलाय, तिला प्लास्टिक आणि उधळपट्टी अजिबात खपत नाही, म्हणून जूनमध्ये तिला भंडारदऱ्याचे काजवे दाखवायचा विचार आहे. बेत सुंदर आहे. फक्त तिथे काय चाललेलं असतं ते आधी समजून घ्या.

काजव्यांचं चमकणं हीच त्यांची प्रणयाराधना. नर लुकलुकत साद घालतात, माद्या बऱ्याचदा खाली गवता-झुडपात बसून ते बघतात आणि पसंत पडला तर उलट चमकून होकार देतात. अळी असताना कित्येक महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन काढायचे आणि पंख फुटल्यावर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. हे सगळं काळोखाच्या भरवशावर चालतं.

भंडारदऱ्याजवळच्या घाटघरच्या रस्त्यावर एका सादड्याच्या झाडाखाली उभा राहून मी हे बघितलंय. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढायची, विझायची, पुन्हा चढायची. तेवढ्यात वळणावरून गाडी आली, हेडलाइटचा झोत झाडावरून फिरला आणि अख्खं झाड काळं पडलं. पुन्हा लय धरायला बराच वेळ गेला, तोवर मागून पुढची गाडी हजर. लोक गवत तुडवत झाडाच्या बुंध्यापर्यंत जात होते, मोबाईलचा फ्लॅश मारत होते. फ्लॅशमध्ये काजवे येतही नाहीत! आपल्या प्रेमापायी दुसऱ्या कुणाची जोडी जमू नये, हे मला फार लागतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. ठाण्याहून जाऊन-येऊन साधारण 300 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 15 देत असेल तर 20 लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 46 किलो. तुम्ही वर्षभर जपून वापरलेल्या कापडी पिशव्या आणि स्टीलच्या बाटल्या याची भरपाई करू शकणार नाहीत.

म्हणून कसाऱ्यापर्यंत लोकलने जा. तिथून घोटीपर्यंत जीप मिळते, पुढे शेंडी या भंडारदरा धरणाजवळच्या गावासाठी एसटी किंवा पुन्हा जीप. वेळ लागतो खरा, पण घाटात खिडकीशी शेजारी बसून गप्पा मारायला मिळतात, त्या स्टिअरिंग धरून होत नाहीत. दुपारीच पोहोचा, गावातल्याच एखाद्या घरी मुक्काम करा, भाकरी-पिठलं जेवा. पैसे त्या घरात राहतात आणि रात्री गाडी फिरवायची वेळच येत नाही. अंधारात सोबतीला गावातला माणूस घ्या, त्याला झाडं ठाऊक असतात. टॉर्चवर पतंगाचा लाल कागद दुहेरी बांधा आणि फक्त पाऊलवाटेपुरता, जमिनीकडे धरा. डासांसाठी अंगभर कपडे घाला, तिथे उभं राहून स्प्रे मारू नका. मग बोलणंसुद्धा थांबवून पायवाटेवरच बसा. दहा-पंधरा मिनिटांत डोळे सरावतात.

भेटवस्तूचंही विचारलंय. बुके नको. चकचकीत पारदर्शक वेष्टन, रिबिन आणि देठ खोचायचा तो हिरवा स्पंज, सगळं प्लास्टिकच. स्पंज तर चुरा होऊन मातीत तसाच राहतो. पावसाच्या तोंडावर वसईचा सोनचाफा बाजारात येतो, दोन-चार फुलं रुमालात बांधून न्या.

आणि एवढा प्रवास जमणार नसेल तर हिवाळ्यात ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने फ्लेमिंगो बघायला जा. हे अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, 2022 मध्ये त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला आणि तुम्हाला ते लोकलने काही मिनिटांवर आहे. बोट भरती-ओहोटीच्या वेळेनुसार सुटते, तेव्हा आधी चौकशी करा.

काजव्यांसाठी मात्र मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा एवढाच काळ धरा. पाऊस नीट लागला की ते संपतात. आठवड्यातला मधला वार आणि अमावास्येच्या जवळची रात्र निवडा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेशशुल्क असतं आणि रात्री वेळेचं बंधनही. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना त्या वर्षीचे नियम आणि परतीच्या एसटीची वेळ फोनवरच विचारून घ्या.