डिपस्टिक कोरडी दिसली तरी ऑइल ओतू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या वर्षी हौसेनं 1982 ची पोर्शे 911 एससी घेतली. नंबरप्लेट सीझनची आहे, 04/10, म्हणजे गाडी फक्त एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर. त्यामुळे ऑक्टोबरअखेर ऑइल बदललं, टाकी भरली, बॅटरीची वायर सोडली आणि गाडी गॅरेजमध्ये लावली. पुण्याहून बाबा फोनवर सारखे सांगत होते, 'आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करत जा, नाहीतर इंजिन जाम होईल.' मी एकदाही केली नाही. आता एप्रिल तोंडावर आलाय. काल डिपस्टिक काढून बघितली तर पार कोरडी! जमिनीवर मात्र जेमतेम दोन-चार थेंब. ऑइल टाकून सुरू करू का? आणि सुरू करताना काय सांभाळू?

उत्तर : ऑइलचा डबा परत फडताळात ठेवा. एक थेंबही टाकायचा नाही.

तुमच्या गाडीचं इंजिन ड्राय संपचं आहे. म्हणजे ऑइल इंजिनाच्या पोटात साठत नाही. मागच्या उजव्या चाकामागे वेगळी टाकी आहे, तिथे राहतं. एक पंप टाकीतून इंजिनाला ऑइल पुरवतो, दुसरा खाली जमलेलं ओढून परत टाकीत टाकतो. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल हळूहळू झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळात उतरतं. डिपस्टिक असते टाकीत, म्हणून ती कोरडी. गच्चीवरची टाकी रिकामी दिसली म्हणून टँकर मागवायचा आणि खालचा हौद काठोकाठ भरलेला, तसा हा प्रकार. या गाडीत सगळं मिळून जवळपास 13 लिटर ऑइल असतं. ते जमिनीवर सांडलेलं नाही, म्हणजे आतच आहे. वरून आणखी ओतलंत तर इंजिन सुरू झाल्यावर जादाचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाईल, पांढऱ्या धुराचा लोट उठेल आणि पुढचे दोन शनिवार-रविवार साफसफाईत जातील.

या गाडीचं ऑइल बघायची वेळ एकच : इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाट जागेवर, इंजिन आयडलिंगवर चालू. डॅशबोर्डवरचा ऑइल लेव्हलचा काटाही तेव्हाच खरं बोलतो. एरवी तो शून्यावर पडलेला दिसला तरी घाबरू नका.

बाबांचं ऐकलं नाहीत ते उत्तम केलंत. (हे त्यांना माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.) एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जर्मनीतल्या जानेवारीत पाच मिनिटांत 13 लिटर ऑइल कोमटसुद्धा होत नाही. ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते. दर आठवड्याला हे केलं असतंत, तर गंज विकत घेतला असतात. एकतर गाडी तासभर रस्त्यावर पळवावी, नाहीतर हात लावू नये. आणि तुमच्या प्लेटवर 31 मार्चपर्यंत ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

आता सुरू करण्याबद्दल. आधी टॉर्च घेऊन मागचं झाकण उघडा. तुमचं इंजिन हवेवर थंड होणारं. त्या मोठ्या पंख्याच्या आत, सिलिंडरांवरच्या पात्यांमध्ये आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी उंदराचं घरटं आहे का बघा. गवत-कापूस पात्यांत अडकला तर एखादा सिलिंडर तापून वाया जातो, आणि तापमानाच्या काट्यावर काही दिसतही नाही, कारण तो काटा ऑइलचं तापमान दाखवतो. तिकडचे मार्डर (मुंगसासारखा प्राणी) रबर कुरतडतात, म्हणून वायरी आणि होजवरून हात फिरवा. पेट्रोलच्या होज विशेष नीट बघा. के-जेट्रॉनिकमध्ये, म्हणजे तुमच्या गाडीच्या फ्यूल इंजेक्शनमध्ये, पेट्रोल जवळजवळ 5 बार दाबानं फिरतं. चाळीस वर्षं जुन्या होजला चीर गेली की कारंजं उडतं, तेही गरम एक्झॉस्टच्या शेजारी. होज कधी बदलल्या याचं बिल आधीच्या मालकाकडून मिळालं नसेल, तर या वर्षी त्या बदलूनच टाका. या खर्चात घासाघीस करू नये.

बॅटरी जोडण्याआधी व्होल्टेज मोजा. 12.6 असेल तर छान, 12.2 च्या खाली असेल तर रात्रभर चार्जरवर लावा. अर्धवट बॅटरीवर सेल मारत बसलात तर स्टार्टरही दमतो आणि इंजिनही धड फिरत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत अर्धी बाहेर काढा, शेपूट उघड्यावर येईल अशी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मी टेस्ट बेंचवर काम करायचे, तिथे नवीन इंजिन आधी पेट्रोलशिवाय नुसतं फिरवायचो. ऑइलचा दाब आल्यावरच ठिणगी. तुम्हीही तेच करा. पुढच्या डिकीतल्या फ्यूजच्या पेटीतून पेट्रोल पंपाचा रिले काढा आणि दहा-दहा सेकंद सेल मारा, मध्ये मिनिटभर थांबा. दाबाचा काटा हलला की रिले परत लावा. पाच महिन्यांसाठी हे फारच सोवळं झालं असं म्हणणारे अनुभवी मेकॅनिक आहेत, आणि ते अगदी चूकही नाहीत. बेअरिंगवर ऑइलचा थर तेवढा टिकतो. पण फुकटात होतंय तर मी करते. गाडी दोन-तीन वर्षं उभी असती, तर प्लग काढून आधी हातानं फिरवायला लावली असती.

मग खरा सेल. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नको! कार्ब्युरेटरच्या सवयीनं लोक पंप करतात, इथे त्याचा काही उपयोग नाही. थंडीत लागणारं जादा पेट्रोल कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह स्वतःच सोडतो. या मॉडेलचं दुखणं म्हणजे सुरू होताना बॅकफायर होऊन प्लास्टिकचा एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारा डबा) फुटणं. त्यावर उपाय म्हणून पॉप-ऑफ व्हॉल्व्ह मिळतो, आतला दाब वाढला की उघडणारं झाकण. तुमच्या गाडीत तो आहे का बघा; असेल तर झाकण घट्ट बसतंय ना तेही बघा. ते उघडं राहिलं तर आत भलतीच हवा शिरते आणि गाडी सुरूच होत नाही.

सुरू झाली की रेस करू नका. दोन-चार सेकंद टायमिंग चेनचा (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा) खळखळाट चालेल. थांबला नाही तर लगेच बंद करा. एससीचे ही चेन ताणून धरणारे मूळचे टेन्शनर कमजोर असतात. 1984 च्या 911 कॅरेरापासून ऑइलच्या दाबावर चालणारे आले आणि पुष्कळ मालकांनी ते जुन्या गाड्यांना बसवून घेतले. थोडा निळसर धूर, हीटर लावल्यावर जळक्या ऑइलचा वास, हे पहिल्या दिवशी माफ.

उभ्या उभ्या गरम करू नका. 1 एप्रिलला टायरची हवा बघून निघा, पहिल्या कोपऱ्याआधी ब्रेक दोनदा दाबून बघा आणि ऑइलच्या तापमानाचा काटा वर येईपर्यंत 3000 आरपीएमच्या आत राहा. परत आलात की गाडी सपाटीला लावा, इंजिन चालू ठेवा आणि मग काढा ती डिपस्टिक. कमी दिसलंच तर अर्धा अर्धा लिटर.

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिने मुलीकडे अमेरिकेला जातोय. ठाण्यात सोसायटीत आमची साधी पेट्रोल हॅचबॅक उभी राहील. शेजारी रोज चावी फिरवायला तयार आहेत. चालेल?

उत्तर : रोज नको. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास घोडबंदर रोडला फिरवून आणणार असतील तर चावी द्या, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून जा. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा. टाकी भरून ठेवा, आणि परत आल्यावर सेल मारण्याआधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी ठेवल्यात का बघा. तुमच्या गाडीची डिपस्टिक थंड इंजिनातही खरं सांगते, त्यामुळे वरच्या उत्तरातली ऑइलची भानगड तुम्हाला नाही. पीयूसी आणि विम्याची तारीख मात्र निघण्याआधीच बघून ठेवा.