गरोदरपणात बीपी वाढल्यामुळे यकृतात रक्तस्राव होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना आठव्या महिन्यात बीपी १७०/११० होतं, दोन दिवस छातीखाली दुखत होतं, घरात सगळ्यांनी पित्त समजून सोडा दिला आणि तातडीच्या सिझरच्या वेळी यकृतावर साकळलेलं रक्त दिसलं. सिझर करताना डॉक्टरांकडूनच काही कापलं गेलं का, ही तुमची शंका. मी प्रसूतितज्ज्ञ आहे. त्यांची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, पण सिझरचा छेद ओटीपोटात घेतात आणि यकृत असतं वर, उजव्या फासळ्यांखाली. शिवाय दुखणं सिझरच्या आधीपासूनचं आहे. तुमच्या वर्णनावरून हा बीपीच्या आजाराचाच भाग वाटतो.

या आजाराची सुरुवात वारेपासून, म्हणजे प्लासेंटापासून होते. वार नीट रुजली नाही की तिच्यातून आईच्या रक्तात अशी द्रव्यं उतरतात, ज्यांनी सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. दुखावलेल्या जागी प्लेटलेट चिकटत जातात आणि रक्तातल्या कमी होतात. तिथून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात. यकृतातल्या बारीक वाहिन्या तुंबतात, पेशी मरतात. या सगळ्याला हेल्प (HELLP) सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या लुई वाइनस्टाइन यांनी १९८२ मध्ये हे नाव दिलं. यकृताभोवती पातळ आवरण असतं. त्याच्याखाली रक्त साचलं की ते ताणतं, आणि ‘पित्त’ म्हणून जे दुखतं तो हा ताण. कधी उजवा खांदाही दुखतो. हेल्प झालेल्या शंभर जणींत एखाद-दुसरीलाच असं रक्त साचतं, पण आवरण फुटलं तर आई तासाभरातही हातची जाऊ शकते.

रक्त आतच राहतं, म्हणून फसायला होतं. वार सुटून तिच्यामागे रक्त साचतं तेव्हाही कधीकधी बाहेर थेंब दिसत नाही, फक्त पोट लाकडासारखं कडक होतं. बीपीसुद्धा फसवतं. १७० असलेल्या बाईचं अचानक १२० झालं की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. आम्ही मात्र आधी नाडी बघतो. नाडी धावत असेल तर ते १२० औषधाचं नसून रक्तस्रावाचं असू शकतं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वेगळाच. बीपी १६०/११० च्या वर गेलं की लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन देण्याची घाई करतात ती त्यासाठीच. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात.

आवरण शाबूत असेल तर यकृताला सहसा हात लावत नाहीत. वारंवार सोनोग्राफी किंवा सीटी, रक्त आणि प्लेटलेट हाताशी, आणि पोट विनाकारण कुणी दाबायचं नाही. फुटलंच तर पोटाच्या सर्जनला बोलावून कापडाच्या घड्यांनी दाब देतात, किंवा सोय असेल तिथे रक्तवाहिनीतून नळी घालून रक्तस्राव थांबवतात. मूळ आजार उतरतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावर, तोही लगेच नाही. हेल्पच्या बऱ्याच केसेस बाळंतपणानंतरच्या पहिल्या ४८ तासांत सुरू होतात. त्यामुळे वहिनींना अजून आयसीयूत ठेवलंय याचा अर्थ काहीतरी बिघडलंय असा काढू नका. रोज प्लेटलेट किती आणि लिव्हरचे रिपोर्ट उतरतायत का, एवढं विचारा. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आपल्या मनानं देऊ नका.

पुढच्या खेपेला हा त्रास पुन्हा होऊ शकतो. नक्की होईलच असं नाही. दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना हा सगळा इतिहास सांगा, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. अशा बायकांना साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात; ती मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आणि बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या दवाखान्यातच ठरवा, माहेर कितीही दूर असलं तरी.