वाचकांचे प्रश्न : रस्ते वाढले, तरी वळसे का?

प्रश्न : शहर वाढते तसे नवे रस्ते होतात, रुंदही होतात, तरीही नव्या वस्त्यांत जवळच्या ठिकाणी जायला वाहन का काढावे लागते? हे नंतर सुधारता येते का?

उत्तर : रस्त्यांची लांबी वाढली म्हणजे त्यांची जोडणी वाढली, असे होत नाही. बंद गल्लीच्या टोकाशी १, तिठ्यावर ३ आणि चौकात ४ रस्ते मिळतात. वस्तीतल्या अशा सगळ्या ठिकाणी मिळणाऱ्या रस्त्यांची सरासरी घसरली की वळसे वाढतात. पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन घरे घ्या. मध्ये केवळ कुंपणाची भिंत, एका स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज दुसरीकडे ऐकू येतो. पण दोन्ही घरे वेगवेगळ्या बंद गल्ल्यांत असतील, तर या दारातून त्या दारात जाण्यासाठी आधी मुख्य रस्ता गाठावा लागतो आणि शेजारच्या मुलाकडे खेळायला जाणारे मूल गाडीत बसवावे लागते.

न्यूयॉर्कचा १८११ चा आणि बार्सिलोनाचा १८५९ चा विस्तार-आराखडा चौकांवर उभा होता. पुढे मोटारींपासून मुले सुरक्षित राहावीत, या रास्त हेतूने न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे १९२९ मध्ये बंद गल्ल्या आखल्या गेल्या. तेथे पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र वाटा होत्या. अनुकरण करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी गल्ल्या उचलल्या आणि वाटा गाळल्या, याची मला फार खंत वाटते. अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घसरत गेली व नंतर काहीशी सावरली. जगाच्या पुष्कळ भागांत मात्र १९७५ नंतर ती घसरतच गेली आहे.

सुधारणा अवघड आहे, कारण इमारती पडतात, पण रस्त्यांची आखणी टिकते. १६६६ च्या आगीनंतर लंडनसाठी सरळ, रुंद रस्त्यांचे आराखडे पुढे आले होते, तरीही जागांची मालकी आड आल्याने शहर बहुतांशी जुन्याच रेषांवर पुन्हा बांधले गेले. म्हणून खरी संधी नवी आखणी मंजूर होताना असते : रस्ता भूखंडाच्या हद्दीपर्यंत नेऊन ठेवला, तर शेजारची वसाहत उद्या त्याला जोडून घेता येते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २००९ पासून नव्या वसाहतींतील रस्ते देखभालीसाठी ताब्यात घेताना अशा जोडणीची अट घातली. वस्ती आधीच उभी असेल, तर दोन कुंपणांमधून माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट मागावी; तिच्यासाठी कोणाचे घर पाडावे लागत नाही.