आधी धूर मोजून घे, मग अनुदानाचं बघू

भाऊ, डाळ मिलच्या जुन्या जनरेटरला तू स्वतः बनवलेला फिल्टर बसवलास, काळा धूर दिसेनासा झाला, आणि आता पुढच्या कामाला सरकार पैसे देईल का, असं तू विचारलंस. देतं. पण तू थेट अनुदानापासून सुरुवात करतोयस, तिथेच मी फसलो होतो.

जळगाव एमआयडीसीत पंप-नोझलचं काम करत मला 22 वर्षं झाली. रावेरकडे केळी पिकवायच्या एका रायपनिंग चेंबरच्या जनरेटरला मीही असाच फिल्टरचा डबा बसवला होता. सायलेन्सरपुढे धरलेला पांढरा रुमाल कोरा राहायचा. तेवढ्या भरवशावर वर्षभर फाईल घेऊन फिरलो, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न आला: टेस्ट रिपोर्ट कुठंय? तोवर मे महिना लागला आणि इंजिन तापायला लागलं. डबा काजळीने गच्च, बॅकप्रेशर (धूर अडल्याने इंजिनवर येणारा उलटा दाब) वाढलेलं, डिझेलही जास्त जात होतं. काजळी आपोआप जळायला साधारण 600 अंश लागतात. कॅटॅलिस्ट, म्हणजे जळायला मदत करणारा रासायनिक थर, असेल तर बरंच कमी पुरतं. कमी लोडवर चालणाऱ्या जनरेटरचा एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही. म्हणून तुझा फिल्टर किती तासांनी भरतो आणि साफ कसा होतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जुन्या जनरेटरला नंतर बसवायच्या या धूर कमी करणाऱ्या उपकरणाला कागदोपत्री आरईसीडी (रेट्रोफिट एमिशन कंट्रोल डिव्हाइस) म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या पद्धतीप्रमाणे त्याने धुरातले निदान 70 टक्के कण अडवले पाहिजेत, आणि ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सिद्ध व्हावं लागतं. आपल्याला जवळची म्हणजे पुण्याची एआरएआय, वाहनं आणि इंजिनं तपासणारी संस्था. वर्कशॉपवाल्याला न झेपणारा खर्च या चाचणीचाच, तेव्हा मदत मागायची ती यासाठी.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या नमुना यंत्रासाठी, 10 लाखांपर्यंत देते, तिच्या प्रयास केंद्रामार्फत. डीएसआयआर या केंद्राच्या संशोधन विभागाच्या प्रिझम योजनेत कंपनी नसलेला एकटा माणूसही अर्ज करू शकतो. अर्ज पाठवण्याआधी आपल्या बहिणाबाई विद्यापीठाच्या इनक्युबेशन सेंटरमध्ये, म्हणजे नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्रात, दाखवून घे. जाताना आकडे ने, रुमाल नको.

अमेरिकेत डिझेलचा धूर कमी करायला 2005 मध्ये कायदाच झाला. तिथलं अनुदानही मुख्यतः ईपीए (तिथली पर्यावरण संस्था) किंवा कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने पडताळलेल्या यंत्रणांनाच मिळतं. मोजमापाशिवाय सरकारी पैसा कुठेच हलत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. हा धूर मिलमधल्या हमालांच्या छातीत जातो.

एक काम मात्र आजच कर. फिल्टरच्या आतल्या रचनेचे फोटो कुणाला पाठवू नकोस. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, पेटंट अर्ज टाक; एकट्या माणसाला ऑनलाइन फी 1600 रुपये आहे आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.

मग एक वही घाल. रोजचे चाललेले तास, लोड, डिझेल, आणि फिल्टरच्या आधीचं-नंतरचं प्रेशर लिही. महिन्याभराच्या नोंदी झाल्या की मला दाखव, अर्ज आपण दोघं मिळून लिहू.